पोटदुखीचा रकाना

ते भांडण आशालता पाष्टे हिनं दाराआडून ऐकलं, हातात चहाचा ट्रे घेऊन. विरार पूर्वेला फुलपाड्यात एक शाळा आहे, तिथं ती शिपाई. आशालता हे नाव पगारपत्रकापुरतं; मुख्याध्यापक आशाताई म्हणत, बाकी सगळ्यांची ती आशामावशी. आत मुख्याध्यापक केळुसकर सर आणि गणिताच्या नॅन्सीबाई यांची जुंपली होती.

"नववीत पंचेचाळीस मुली," सर टेबलावर बोट आपटत म्हणाले, "आणि आज हजर सव्वीस! मुलगे सगळे हजर. मुलीच कुठं जातात?"

"मला काय विचारता? मी गणित शिकवते, ज्योतिष नाही."

"घरी टीव्ही बघत बसत असतील."

"सकाळी टीव्हीवर काय असतं, तुम्हाला बरं माहीत सर!"

"लग्नं ठरवत असतील त्यांची."

"चौदाव्या वर्षी? फुलपाड्यात? काहीतरीच बोलता. मी वसईच्या गावातून रोज इथं येते ना, जरा रस्त्यानं डोळे उघडे ठेवून चालते."

"मग त्या उघड्या डोळ्यांना काय दिसलं, ते तरी सांगा!"

नॅन्सीबाई हजेरीपट उलटसुलट करू लागल्या. चहावर साय धरली. दाराबाहेर आशामावशीला उत्तर ठाऊक होतं, अगदी तोंडपाठ होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. ज्याच्या हातात खडू त्याला विचारायचं आणि ज्याच्या हातात फडकं त्याला सांगायचं, ही त्या शाळेचीच काय, सगळ्या जगाची रीत. ती आत गेली, ट्रे ठेवला आणि चहा गार झाल्याबद्दल दोघांची बोलणी खाऊन बाहेर आली.

उत्तर होतं पाणी. शाळा सकाळी सात ते साडेबारा. शाळेमागच्या दोन गल्ल्यांत, वरच्या आणि खालच्या, नळाला पाणी यायचं साडेदहाला आणि जायचं बाराला. तेही एक दिवसाआड. त्या वेळी आई कारखान्याच्या गाळ्यात पॅकिंगला नाही तर कोणाच्या घरी धुण्याभांड्याला, बाप कामावर, भाऊ शाळेत. मग पिंपं, कळश्या आणि बादल्या भरायला राहिली कोण? ज्या दिवशी गल्लीत पाणी, त्या दिवशी वर्गात मुली नाहीत. मधेच घरी सोडायचं तर शाळेचं फाटक बंद. म्हणून अख्खा दिवस जायचा.

भांडणातून एक नवीन वही निघाली. मोठ्या माणसांची भांडणं बहुतेक वहीवरच मिटतात. सरांनी रकाने आखून दिले: तारीख, नाव, इयत्ता, गैरहजेरीचं कारण. रोज सकाळी आठ वाजता आशामावशीनं गल्ल्यांत जायचं, येतील तेवढ्या पोरींना घेऊन यायचं आणि न येणारीचं कारण वहीत लिहायचं. मावशी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर गोल गोल, जिलबीसारखं, पण वाचता येईल असं. पहिल्याच दिवशी तिनं अकरा नावांपुढे अकरा वेळा लिहिलं, 'पाणी भरणे'.

सरांनी लाल शाईनं अकराही ओळी खोडल्या. "आशाताई, हे कारण होत नाही. आजारपण, घरातला मृत्यू नाही तर सणवार, तीनच कारणं धरतात. बाकीच्यांच्या पालकांना बोलवा."

पालक म्हणजे आया. अकरा आया कामाचा खाडा करून व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि उपदेश ऐकून गेल्या. त्यातल्या एकीला गाळ्याच्या मालकानं खाडा मागतानाच उद्यापासून येऊच नको म्हणून सांगितलं. ती बाई जाता जाता मावशीकडं नुसतं बघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मावशीला जेवण गेलं नाही. सकाळी तिनं वहीचं दुसरं पान उघडलं आणि सात नावांपुढे लिहिलं, 'पोटदुखी'.

झालं. सर खूश, आया सुटल्या आणि पोरीही वाचल्या. वही भरत गेली, एक संपली की दुसरी. मावशी डॉक्टरकी शिकलेली नव्हती, पण आजारांची पाळी तिनं नीट लावून दिली होती. एकीला या खेपेला पोटदुखी तर पुढच्या खेपेला ताप, मग चक्कर, मग परत पोटदुखी. पोट बरं पडतं. ते आतून दुखतं, बाहेरून कोणाला तपासता येत नाही. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी ऋतिका आली. मुंबईच्या कुठल्याशा अर्थशास्त्राच्या संस्थेतली, पाठीवर सॅक, पायात सपाता आणि तोंडात अखंड प्रश्न. मावशीनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "अर्थशास्त्र म्हणजे पैशाचं ना गं? मग बँकेत जायचं सोडून शाळेत कशाला आलीस?"

"पैशाचंच असं नाही मावशी. घरात कोण काय काम करतं, त्या कामापायी कोणाचं शिक्षण हुकतं, कोण मागं पडतं, हे पण आम्ही मोजतो. मग सरकारला सांगतो, इथं लक्ष घाला, तिथं नको."

"आणि सरकार ऐकतं?"

"कधी कधी."

"म्हणजे आमच्या घरच्यासारखंच," मावशी म्हणाली.

ऋतिकानं हजेरीपट पाहिले, मग ती कारणांची वही पाहिली, आणि तिचे डोळे चमकले. "अख्ख्या जिल्ह्यात एवढी व्यवस्थित वही मी पाहिली नाही! एक दिवस चुकलेला नाही. कोणी ठेवलीय?"

केळुसकर सरांनी मावशीकडं बोट दाखवलं. मावशी लाजली. शिपायाच्या वाट्याला कौतुक येतं ते कधीतरी, आलं की धरून बसावं असं. त्या कौतुकात ती एवढी बुडाली, की या पोरीनं सात वर्षांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले तेव्हाही तिच्या लक्षात आलं नाही, की आपली पोटदुखी आता मुंबईला निघाली.

तीन महिन्यांनी अहवाल आला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा. अहवालात लिहिलं होतं, की या भागातल्या शाळकरी मुलींचं आरोग्य फार नाजूक आहे, त्यांना वारंवार पोटदुखी आणि चक्कर येते, त्यामुळे त्या मुलग्यांपेक्षा शिक्षणात मागं पडतात. तरी त्यांच्या आरोग्याकडं तातडीनं बघावं. वरच्या कचेरीनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तातडीनं केली. पांढरी गाडी आली, डॉक्टर आले, पोरींची पोटं दाबून बघितली. दर सोमवारी लोहाची गोळी, सहा महिन्यांनी जंताची. धडधाकट पोरी रांगेत उभ्या राहून, नाक मुठीत धरून गोळ्या गिळत होत्या आणि पाणी पाजायला कोण? आशामावशी.

"मावशी, ही कशाची गोळी?"

"गिळ गं. ताकदीची आहे. कळशी उचलायला बरी."

 गोळ्या खाऊनही पाण्याच्या दिवशी वर्ग ओस तो ओसच. पालथ्या घड्यावर पाणी.

तिथवरही निभावलं असतं. पण केळुसकर सर मनानं चांगले, आणि चांगली माणसं कामाला लागली की जास्त धाक वाटतो. त्यांनी वहीतून 'नाजूक तब्येतीच्या मुली' अशी यादी काढली. चौदा नावं. पहिलं नाव आर्याचं, नववीतली, सात महिन्यांत सत्तावीस वेळा पोटदुखी. सरांनी तिच्या वडिलांना बोलावून अगदी प्रेमानं सांगितलं, "मुलीला शाळेची दगदग झेपत नाही. दहावीला तिला रोज आणू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून बाहेरून परीक्षा देऊ दे." वडिलांची रिक्षा होती, ते माणूसही साधं. साहेब सांगतात म्हणजे पोरीला काहीतरी असणारच, असं समजून ते मान डोलवून गेले.

आता फुलपाड्यात घरी बसून बाहेरून दहावी देणं म्हणजे काय, हे मावशीला वेगळं सांगायला नको होतं. घरी बसलेली पोरगी अभ्यासाला बसत नाही. ती फक्त घरी असते, आणि मग पाणी, भांडी, धाकटी भावंडं, म्हातारी माणसं सगळी तिच्याच नावावर चढतात.

दोन दिवसांनी आठ वाजता मावशी खालच्या गल्लीत गेली. पाण्याचा दिवस. आर्या दारात उपड्या बादलीवर बसून वहीत गणितं सोडवत होती, बाजूला पाइपाचं वेटोळं. मावशीला बघून ती उठली नाही.

"या डॉक्टर," ती म्हणाली.

"काय गं हे?"

"तुम्हीच ना? सरांनी बाबांना वही दाखवली. सत्तावीस वेळा पोटदुखी. माझं पोट कधी दुखलंच नाही मावशी. परवापासून मात्र दुखतंय. मला खरंच काही आहे का? आई मला आता भाकरीसुद्धा मऊ करून देते."

"तुला काही नाही झालेलं. घोड्यासारखी आहेस."

"मग सांगा ना सरांना तसं! माझा वर्ग जाईल. नॅन्सीबाई म्हणतात मला गणितात पैकीच्या पैकी पडतील, आणि घरी मला बीजगणित कोण शिकवणार, बाबा? त्यांना मीटरच्या पलीकडं काही येत नाही."

 मावशीनं पाइपाचं वेटोळं उगाचच सरळ केलं, परत गुंडाळलं आणि निघाली.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तीस वर्षांची नोकरी आणि सेवापुस्तकात एक वाकडी ओळ नाही, याचा तिला फार अभिमान. इतरांना दागिन्यांचा असतो तसा. वहीतली खोटी कारणं कबूल केली तर चौकशी लागणार, चौकशी लागली तर पेन्शन अडणार. घरी तिनं मुलाला, जितेंद्रला, आडून आडून विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "आई, आठ महिने तोंडाला कुलूप लाव. नंतर पाहिजे तेवढं खरं बोल." सल्ला शहाणपणाचा होता. मावशीनं तो चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी सोमवार होता, गोळ्यांचा. रांगेत आर्यानं गोळी जिभेवर ठेवली आणि मावशीच्या हातचा पेला न घेता तशीच कोरडी गिळली.

त्या दुपारी मावशीनं घड्याळामागं खोचून ठेवलेलं ऋतिकाचं कार्ड काढलं आणि फोन लावला. "बाळ, ये एकदा. तुझ्या अहवालाला दुसराच आजार आहे."

ऋतिका शनिवारी आली. शाळा सुटल्यावर रिकाम्या नववीच्या वर्गात दोघी बसल्या आणि मावशीनं सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला.

"मावशी, यातली किती पानं खोटी?"

"पहिलं सोडून सगळी."

ऋतिकानं डोकं बाकावर टेकलं. "माझा अख्खा अभ्यास गेला."

"जाऊ दे. दुसरा कर. पोरी आहेत तिथंच आहेत."

थोड्या वेळानं ऋतिकानं मान वर काढली. शिकलेली माणसं लवकर खचतात, पण त्यांना एखादी शंका आली की लगेच तरतरी येते. "पण पाण्याचं असतं तर मला दिसलं असतं," ती म्हणाली. "मी वार लावून बघितलंय. सोमवारपासून शनिवारपर्यंत गैरहजेरी सगळीकडं सारखीच. ठरावीक दिवस नाहीच."

"वार लावून कसं दिसेल? पाणी एक दिवसाआड येतं. या आठवड्यात सोमवार-बुधवार-शुक्रवार, तर पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरु-शनि. त्यातून वरच्या गल्लीला आज, तर खालच्या गल्लीला उद्या. सगळ्या पोरी एकत्र कालवल्यास तर खिचडीच होणार. गल्ल्या वेगळ्या कर."

"गल्ली कुठं लिहिलीय वहीत?"

"वहीत नाही." मावशीनं आपल्या पायांकडं बोट केलं. "इथं आहे. सात वर्षं या पोरींना आणायला मीच जाते ना."

मग त्या दोघींनी दोन दुपारी बसून काम केलं. ऋतिका नाव वाचायची, मावशी सांगायची: वरची, खालची, खालची, ही आधी वरची होती मग भाडं बदललं, ही वरची. वरच्यांना निळी पेन्सिल, खालच्यांना लाल. एका पानावर ऋतिकानं तारखांचे चौकोन आखले आणि रंग भरत गेली. हळूहळू कागदावर गोधडीचे टाके पडावेत तसं दिसायला लागलं. एक निळा, एक लाल, एक निळा, एक लाल, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं टाका चुकलाच तर मावशी सांगायची, "त्या दिवशी पाइप फुटला होता."

"आणि मुलगे?" ऋतिकानं विचारलं. "त्याच गल्ल्यांतले, त्याच घरांतले. त्यांची हजेरी एकदम सरळ आहे."

"मुलग्यांना कळशी दिसत नाही बाळ. जन्मापासून तेवढाच एक दृष्टिदोष."

हिशेब निघाला तो असा, की पाणी भरणारी पोरगी वर्षाला सरासरी साठाच्या वर दिवस शाळेबाहेर. पाचवी ते दहावी धरलं तर दीड वर्षाहून जास्त शिक्षण नळाखाली वाहून गेलं. आकडा मावशीनं दोनदा सांगायला लावला. एकेक दिवस करून ती सगळं ओळखून होती, पण बेरीज तिनं कधी केली नव्हती.

"साडेदहाच का?" ऋतिकाचा पुढचा प्रश्न. पाणीखात्यात विचारलं तर तिला सांगण्यात आलं, की दाबाचं तांत्रिक कारण आहे, तुम्हाला समजायचं नाही. मावशी म्हणाली, "साहेबाला काय विचारतेस? जो चावी फिरवतो त्याला विचार."

चावी फिरवणारा म्हणजे निकोलस. वसईच्या खाडीकडच्या भातशेतीच्या गावातला, पन्नाशीचा, स्कूटरच्या कडेला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी बांधून हिंडणारा. रस्त्यावरच्या खड्ड्यातलं झाकण उघडायचं, चावी घालायची आणि अंगाचा जोर लावून फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. मावशीनं त्याला टपरीवर गाठून चहा पाजला.

"तांत्रिक?" निकोलस खो खो हसला. "मी पहाटे पाचला टॉवरपासून सुरू करतो. मंग बिल्डिंगी, मंग बंगले, करत करत तुमच्या गल्लीत यायला साडेधा होतात. बारा वरसांपूर्वी एका साहेबानं यादी दिलेली. टॉवर वर लिवले होते, तुमची गल्ली सगल्यात खाली. तो साहेब गेला, यादी रायली."

"दादा, यादी उलटी फिरवली तर?" ऋतिकानं श्वास रोखून विचारलं.

"उलटी तर उलटी. माजी स्कूटर दोन्ही बाजूंनी चालते. टॉवरवाल्यांच्या पोटात तळ्याएवडी टाकी हाय. पानी पाचला आलं का धाला, त्यांना ठावूक पन नसतं."

"मग इतकी वर्षं का नाही केलंस रे?" मावशी भडकली.

"मला कोनी सांगितलं? आनि तू तरी कवा विचारलंस? रोज समोरून जातेस, 'काय निकोलस' म्हनतेस आनि जातेस."

हे मात्र मावशीला लागलं. पोटदुखी, ताप आणि चक्कर यांत तिनं सात वर्षं घातली आणि हा एक प्रश्न तिलाही सुचला नव्हता.

राहिले केळुसकर सर. मावशी स्वतः सगळ्यात जुनी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली. सरांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "आशाताई! सरकारी शास्त्रीय अहवाल तुमच्या थापांवर निघाला? चौदा मुलींना मी घरी बसवायला निघालो होतो! तुम्हाला काही वाटलं कसं नाही?"

"वाटलं सर. उशिरा वाटलं."

"पहिल्यापासून खरं का नाही लिहिलंत?"

मावशीनं वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. अकरा ओळी, अकरा वेळा 'पाणी भरणे', आणि वरून लाल रेघ.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही शाई माझी," ते म्हणाले. वही मिटून त्यांनी बाजूला ठेवली. मग ते म्हणाले, "मेमो तर मला द्यावा लागेल. खोटी नोंद ती खोटी नोंद."

"द्या सर."

"चौकशी नाही लावत. ताकीद देतो. चूक दोघांची आहे, पण माझ्यासाठी मेमोचा छापील नमुना नाही."

मेमो दोन ओळींचा होता. आता शाळेतले कागद इकडून तिकडं न्यायचं काम कोणाचं? मावशीचंच. तिनं आपला मेमो स्वतः टायपिस्टकडं नेला, स्वतःच त्यावर जावक क्रमांक घालून आणला, टपालवहीत नोंदला आणि मग श्रीमती पाष्टे यांस पोचता करून, पोचल्याची सही केली. सेवापुस्तकाच्या कोऱ्या पानावर एक ओळ उमटली. ती ओळ तिनं एकदाच वाचली. त्याच दिवशी सरांनी चौदा नावांची यादी फाडली आणि आर्याच्या वडिलांना परत बोलावलं. वडील म्हणाले, "मग पोरीला काय झालेलं?" सर म्हणाले, "तिला काही नाही. आम्हालाच थोडं कमी दिसत होतं."

ऋतिकानं नवा अहवाल लिहिला. त्यात जुन्याची चूक पहिल्याच पानावर कबूल केली. धीट पोरगी. नवीन नोकरीत असं करायला छाती लागते. त्याच पाण्याच्या वाहिनीवरच्या आणखी तीन शाळांचे हजेरीपट तिनं तपासले; तिथंही तेच टाके. पाणीखात्याच्या बैठकीला तिथले साहेब म्हणाले, "शाळेसाठी पाणी बदलायचं? उद्या दवाखान्यासाठी बदला म्हणाल." मग त्यांनी विचारलं, "खर्च किती?"

"काहीच नाही सर. फक्त यादी खालून वर वाचायची."

इथंच घोडं अडलं. खर्चाच्या कामाची फाइल बनते, ठरलेल्या टेबलावरून ठरलेल्या टेबलावर जाते. फुकट होणाऱ्या कामाची फाइल कोणत्या शीर्षाखाली उघडायची, हेच कोणाला कळेना. चार महिने गेले. तोवर आर्या दहावीत आली होती आणि पाण्याच्या दिवशी अजून बादलीवरच बसत होती. जुलैच्या शेवटी एके दिवशी निकोलसनं स्कूटर शाळेच्या फाटकापाशी थांबवली आणि खिशातून कागद काढून दाखवला. "आली ग मावशी! उलटी यादी. उद्यापासून पाचला पयली तुमची गल्ली."

पहिल्या पहाटे खालच्या गल्लीत जत्रा होती, दुसऱ्या पहाटे वरच्या. कोणाला खरं वाटत नव्हतं. पाणी पाचला आलं तेव्हा बाप आणि भाऊ घरातच होते, अंथरुणात. आयांनी त्यांना उठवलं. कळशीला वजन असतं हा शोध फुलपाड्याच्या पुरुषांना त्या दिवशी लागला. एकजण म्हणाला, ही वेळ काही बरोबर नाही, झोपमोड होते. त्याच्या बायकोनं त्याच्या हातात दुसरी बादली दिली.

आर्या सात वाजता वर्गात होती. त्या आठवड्यात रोज होती, पुढच्याही. नॅन्सीबाईंनी मावशीला मुद्दाम बोलावून सांगितलं, "मावशी, बाकं कमी पडतायत. तिघी तिघी बसवल्यात. आता कोणाला आणू नका बाई!" आणि स्वतःच हसल्या. सोमवारच्या गोळ्या मात्र अजून चालू आहेत. सुरू करायचा हुकूम आला होता, बंद करायचा अजून आलेला नाही.

मावशीची निवृत्ती सप्टेंबरअखेरीची. शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत निरोप समारंभ ठरला. शाल आली, नारळ आला, केळुसकर सरांनी भाषण लिहून काढलं. आठ वाजता सर म्हणाले, "आशाताई, आज कुठं जाऊ नका. बसा खुर्चीत. आज आम्ही चहा देतो."

मावशीनं हजेरी बघितली. सहावीत एक नाव गैरहजर. ज्युली, वरची गल्ली.

"आलेच," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

ज्युलीची आई गाळ्यातल्या पहिल्या पाळीला गेलेली, आजी मोठ्या मुलाकडं गावी. दहा महिन्यांची धाकटी बहीण पाळण्यात आणि ज्युली दोरी हातात धरून दाराकडं तोंड करून बसलेली, गणवेश घालून, दप्तर मांडीवर घेऊन.

"कधीपासून बसलीयस अशी?"

"सातपासून. शेजारची काकू येते म्हणाली होती. नाही आली."

मावशीनं शेजारचं दार वाजवलं. काकू केस विंचरत बाहेर आली. "अगो, विसरलेच बघा! आण इकडं." पोर काकूच्या कडेवर गेलं, रडलं, काकूच्या मण्यांची माळ हाताला लागल्यावर गप्प झालं. दुधाची बाटली कुठं, लंगोट कुठं, ते ज्युलीनं घडाघडा सांगितलं.

"दुपारी येते ही, तोवर बघ हां," मावशी काकूला म्हणाली.

"बघते हो. तुमचा आज शेवटचा दिवस ना?"

"हो. कडी लाव गं ज्युली. नीट ओढून बघ."

दोघी निघाल्या. वेणीची एक रिबीन सुटली होती, ती मावशीनं चालता चालता बांधली. वाटेत निकोलसच्या चावीचं झाकण उघडं दिसलं, ते पायानं सरकवून लावलं. फाटकापाशी आल्यावर ज्युलीनं विचारलं, "मावशी, बाई ओरडतील?"

"ओरडल्या तर ओरडल्या. आता तास कसला आहे?"

"भूगोल."

"मग पळ, अर्धा अजून मिळेल."

ज्युली पळाली. मावशीनं फाटक आतून लावून घेतलं आणि वर्गाच्या दारात ती दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.